खाली बसल्यावर दिसणारे डोळे

बसाकाकूंचं नाव आधी सांगते, मग बाकीचं. कारण बाकीचं जे काही आहे, माझी नोकरी, आमचं स्वतःचं बिऱ्हाड, चारचौघांत तोंड उघडायची हिंमत, ते सगळं त्यांच्यामुळे आहे. त्यांचं खरं नाव वेगळं. पण मिनेसोटातली आमची मोजकी मराठी घरं त्यांना बसाकाकूच म्हणायची. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "चांगलं आहे ना बाप्पा. याच्याहून वाईट नावं ठेवतात लोक."

काकू मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याबरोबर तरुणपणी इकडे आल्या, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळी उमेदीची वर्षं काढली, नवरा गेला, रिटायर झाल्या, आणि मग शहरातल्या मोठ्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड म्हणून जायला लागल्या. बुटक्या, पांढरे केस अगदी कानापर्यंत कापलेले, पँटवर स्वतः विणलेला जाडजूड स्वेटर आणि त्यावर नावाचा बिल्ला. त्यांच्याकडे चिनी दालन होतं. त्या दालनात मधोमध एक मोठी लाकडी मूर्ती होती, सुंग राजवटीच्या काळातली, कुठल्या तरी बौद्ध मंदिरातून आलेली. लोक यायचे, हातावर कोट, हातात म्युझियमचा नकाशा. मूर्तीपुढे उभे राहायचे. उभ्यानं बघितली तर ती जरा बेढबच वाटायची. डोकं मोठं, खांदे पुढे झुकलेले, पापण्या खाली आलेल्या, जणू डुलकीच लागली आहे. काकू इतिहास वगैरे काहीच सांगायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "प्लीज, सिट डाउन."

लोक खुर्ची शोधायला लागायचे.

"नो, नो. फ्लोअर."

एकदा एक उंचच्या उंच गृहस्थ आले होते. सूट, टाय, चकचकीत बूट. त्यांची बायको खुदकन हसली आणि पटकन खाली बसली. हे मात्र उभेच. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, यू कॅन स्टँड. बट शी विल नॉट लुक ॲट यू." गृहस्थ लाल झाले, पँटच्या घड्या सांभाळत, हात टेकत टेकत एकदाचे फरशीवर बसले. मान वर केली. मग नुसतं म्हणाले, "ओह."

झालं होतं असं, की ज्या कारागिरानं ती मूर्ती घडवली त्यानं ती उंच चौथऱ्यासाठी घडवली होती. समोरचा माणूस गुडघे टेकून खाली बसलेला असणार, हे त्यानं धरलेलंच होतं. म्हणून डोकं मोठं, म्हणून खांदे पुढे, म्हणून नजर खाली. म्युझियमवाल्यांनी तिला बुटक्या ओट्यावर ठेवलं आणि माणसं आली उभ्यानं बघायला. मग ती कुणाकडे बघणार? खाली बसलं, की सगळं जागच्या जागी यायचं. डोकं बेताचं व्हायचं, खांदे आपल्यावर मायेनं वाकल्यासारखे व्हायचे, आणि त्या मिटत आलेल्या पापण्यांतून डोळे थेट आपल्याकडे बघायचे. "लोक म्हणतात झोपली आहे," काकू म्हणायच्या. "अरे, तुम्ही तिच्या नजरेत तर या आधी!"

माझी आणि काकूंची गाठ पडली ती बुटांमुळे.

मी औरंगाबादजवळच्या एका लहान गावातली. आठवीत असताना आई आजारी पडली, घरात मी थोरली, आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही, मलाही तेव्हा नाही. पुढे लग्न झालं. प्रकाशनं आयटीआय केलेलं, मशीनवर हात चांगला. त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी कागदपत्रं करून आम्हाला इकडे आणलं. दीर आणि जाऊबाई दोघं व्हर्जिनियात हर्नडनला, दोघंही कॉम्प्युटरमध्ये. प्रकाशला काम मिळालं ईडन प्रेरीच्या एका कारखान्यात, म्हणून आम्ही मिनेसोटात. इथं माझं काम काय, तर घाबरणं. फोन वाजला की घाबरायचं, दारात पोस्टमन दिसला की घाबरायचं, दुकानात कुणी "हाउ आर यू टुडे" म्हटलं तरी घाबरायचं, कारण खरोखर कशी आहे ते सांगायला लागलं तर शब्द कुठून आणू?

त्या हिवाळ्यात प्रकाशचा कारखाना बंद पडणार असं ठरलं. जाऊबाईंचा फोन आला, "सुमन, अगं टेन्शन कशाला घेता? इकडे या. आमचं बेसमेंट एवढं रिकामं पडलंय. तू घरात असलीस की मुलांना बघायलाही बरं, आणि तुला तरी तिथं एकटीला काय करायचंय?" त्या वाईट नव्हत्या. पण त्या बेसमेंटमध्ये एकदा उतरलो की आम्ही वर येणार नाही, हे मला दिसत होतं. मी आयुष्यभर "घरात असलीस की बरं" एवढीच राहणार. प्रकाशलाही ते नको होतं, पण तो बोलायचा नाही. नुसता दारापुढचा बर्फ साफ करत बसायचा.

तर अशात एकदा प्रकाशला शहरात कुठल्या वर्कशॉपमध्ये मुलाखतीला बोलावलं होतं. मला म्हणाला, "तू म्युझियममध्ये बस. फुकट आहे आणि गरम आहे." मी आत शिरले, बिचकत बिचकत फिरले, आणि एका दालनाच्या दारातून मला बुद्ध दिसले. एक नाही, कितीतरी. दगडाचे, लाकडाचे, पितळेचे. इथं आल्यापासून मी विहार बघितला नव्हता. माझे हात आपोआप खाली गेले. मी दाराशी बर्फाचे बूट काढले, नीट भिंतीला लावून ठेवले, आणि मोज्यांवर आत गेले. हात जोडले, मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं, बाहेर आले.

बूट नाहीत.

बाहेर शून्याखाली किती ते विचारू नका. मी त्या गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरत इकडून तिकडे बघतेय, लोक माझ्या पायांकडे बघतायत, आणि माझ्या तोंडून आपोआप चाललंय, "अगं आई गं, बूट कुठे गेले, आता काय करू गं."

मागून आवाज आला, "काय शोधून राहिली वो बाई सॉक्समध्ये?"

त्या परक्या इमारतीत ते नागपुरी मराठी ऐकून मला रडूच फुटलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि गार्डला शोधून काढलं. त्यानं कुणाचे तरी बेवारस बूट म्हणून माझे बूट हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नेऊन ठेवले होते. काकूंनी त्याला इंग्रजीत काहीतरी समजावलं, तर तो बिचारा इतका ओशाळला की बूट स्वतः घेऊन आला आणि माझ्यापुढे जोडीनं मांडून ठेवले. मी काकूंना विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं, तुझ्या म्युझियमला आज पहिल्यांदा कुणीतरी विहार समजलं. मान समज."

मग मला म्हणाल्या, "जयभीम. आता बूट घाल आणि इकडे ये. बस खाली."

मी बसले. मला ते सोपं होतं. खुर्चीत कसं बसायचं हेच मला इथं शिकावं लागलं होतं. मी मान वर केली, तेव्हा मला डोळ्यांच्या आधी तिचा गुडघा दिसला. एक पाय खाली सोडलेला, दुसरा गुडघा उभा, त्या गुडघ्यावर हात लांब टाकलेला. माझी आई आजारपणाच्या सुरुवातीला, मी अजून शाळेत जात होते तेव्हा, दाराशी अशीच बसायची, समोर सुपात तांदूळ, निवडून होत नसले तरी. आणि तशीच मान जरा झुकवून मी शाळेतून येताना दिसतेय का बघायची. काकूंना मी एवढंच म्हटलं, "ही तर निवडायला बसलीय."

काकूंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग हसल्या. "इतके वर्षं मी लोकांना त्या बसण्याचं इंग्रजीतलं नाव सांगून राहिली. राजेशाही विश्राम की काय. आता निवडायला बसली असं सांगायचं कसं ते मला शोधावं लागेल."

मी त्या मूर्तीला देवी म्हटलं, तेव्हा मात्र रागावल्या. "देवी नाही. बोधिसत्त्व. आपला अवलोकितेश्वर. चीनमध्ये त्याला ग्वानयिन म्हणतात, म्हणजे जगाचा आवाज ऐकणारी." मी म्हटलं, अवलोकितेश्वर तर पुरुष ना? आमच्या लेण्यांत मी बघितलाय. काकूंना हा प्रश्न फार आवडायचा. "आपल्याकडून निघाला तेव्हा पुरुषच होता. वाळवंट ओलांडलं, डोंगर ओलांडले, तिथं गेला, राहिला. शेकडो वर्षांत हळूहळू बाई झाला. मोठ्या प्रवासात माणूस बदलतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऐकणं तेवढं सोडलं नाही त्यानं."

त्यांची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक मूर्तीची पाठ बघायची. समोरून बघून झालं की लगेच मागे. लाकडी ग्वानयिनच्या पाठीत एक चौकोनी भोक होतं, त्याचं झाकण कधीच हरवलेलं. आत पोकळ. त्या पोकळीत पूर्वी सूत्रं, धान्य, रेशमाचे तुकडे घालून मग मूर्ती मंदिरात बसवायचे, असं काकू सांगायच्या. पण त्यांचं लक्ष वेगळीकडेच. "कारागिरानं हिला आतून पोखरली म्हणून ही टिकली. अख्खा ओंडका ठेवला असता तर केव्हाच तडकली असती." एवढं बोलून माझ्याकडे बघायच्या. "तुझं काय चाललंय आत? बोलून टाक. तडकशील."

आणि त्याच दालनाच्या कोपऱ्यात ते डोकं होतं. दगडी बुद्धाचं नुसतं डोकं, लोखंडी दांडीवर बसवलेलं. चीनमधल्या एका डोंगरातल्या लेण्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी छिन्नी लावून तोडलेलं आणि विकलेलं. मानेच्या मागे छिन्नीचे घाव अजून दिसायचे. चेहरा मात्र असा, की आत्ताच काहीतरी मजेचं आठवलं आहे. काकू रोज निघताना त्याच्यापुढे क्षणभर थांबायच्या. "याचं धड अजून तिकडे लेण्यातच आहे," त्या म्हणायच्या. "एकदा जायचं आहे मला. त्या धडाला सांगून यायचं आहे, की बाबा, तुझं डोकं सुखरूप आहे. बरं ठेवलंय. लोक येतात बघायला. काळजी करू नको." हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणायच्या की हसावं की नाही कळायचं नाही. मी हसायचे नाही. माझी आईसुद्धा तिकडे गावी दर रविवारी माझा आवाज ऐकायला शेजारच्यांच्या फोनपाशी बसून असायची.

प्रकाशला त्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं नाही. कारखाना बंद पडला. जाऊबाईंनी बेसमेंटमध्ये नवीन गालिचा टाकल्याचं कळवलं. आणि त्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, "इथं गॅलरी अटेंडंटची जागा निघते आहे. विम्यासकट. तू अर्ज कर."

अटेंडंट म्हणजे दालनात थांबून मूर्तींवर लक्ष ठेवायचं, लोकांना हात लावू द्यायचा नाही, बाथरूम कुठे ते सांगायचं. मी म्हटलं, हे मला जमेल. काकू म्हणाल्या, "हायस्कूल झालेलं लागतं." मी म्हटलं, मग विषय संपला. "संपला कसा? त्याच्या बरोबरीची परीक्षा असते, जीईडी म्हणतात. ती पास झालेली दाखवायची. साहेब माझ्या ओळखीचे आहेत. ओळखीनं नोकरी देणार नाहीत, पण वसंतापर्यंत थांबतो म्हणाले."

"काकू, मी आठवी नापास."

"नापास कुठे? अर्धवट. त्यात फरक आहे."

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. त्या स्वतः गाडी घेऊन ईडन प्रेरीला यायच्या. त्यांचं ड्रायव्हिंग म्हणजे सगळ्यांच्या जिवाला घोर. हायवेवर इतक्या हळू जायच्या की ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन थकायचे, आणि काकू आरशात बघून म्हणायच्या, "जा ना बाप्पा, कोण अडवून राहिलं." चहा त्या मायक्रोवेव्हमध्ये करायच्या आणि तो कसला चहा, गरम पाण्याला रंग दिलेला. पण शिकवणं वेगळं होतं. माझं उत्तर बरोबर आलं तर "शाब्बास" नाही आणि चुकलं तर "अरेरे" नाही. दोन्ही वेळा एकच शब्द, "पुढे." सुरुवातीला मला वाटायचं, यांना माझं काही कौतुकच नाही. मग लक्षात आलं, की चुकल्यावरसुद्धा त्या "पुढे" म्हणतायत. आमच्या शाळेत चुकल्यावर पुढे नव्हतं, बाकावर उभं राहणं होतं.

गणित मला आश्चर्य वाटावं इतकं जमलं. वाचायचंही जमू लागलं. परीक्षा दिली. सगळे विषय निघाले आणि लेखनात गेले. निबंधाचा विषय टीव्ही चांगला की वाईट असा काहीतरी होता. मी पेन हातात धरून बसले. इंग्रजीतलं पहिलं वाक्य चुकेल म्हणून लिहिलं नाही, मग दुसरंही नाही, आणि वेळ संपली. कागद कोरा.

जाऊबाईंना प्रकाशनंच सांगितलं असावं. त्यांचा फोन आला, "अगं, इंग्लिश मीडियमच्या मुलांना जड जातं ते. तू एवढं केलंस हेच खूप. आता सामान बांधा बरं." त्यांचा आवाज खरंच मऊ होता. त्यानंच मी जास्त खचले. मी प्रकाशला म्हटलं, बांधूया. तो म्हणाला, "बघू." आणि पहिल्यांदा माझ्या नजरेला नजर न देता बाहेर गेला.

काकूंना सांगायला गेले, तर त्यांनी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "चल." मला ग्वानयिनपुढे नेलं. "बस. काय दिसतं सांग."

"काकू, आता काय सांगू? तेच ते."

"तेच सांग."

मी मराठीत सांगितलं. गुडघा, हात, आई, सूप. "आता इंग्रजीत." मी म्हटलं, येत नाही. "मोडकं सांग. ती चिनी आहे, तिला काय कळणार तुझं चुकलं ते?" मी मोडकं सांगितलं. मग त्या मला थांग राजवटीतल्या एका गुबगुबीत बोधिसत्त्वापुढे घेऊन गेल्या, मग त्या डोक्यापुढे. तिथंही तेच. आधी मराठीत, मग मोडक्यात. मी मध्येच अडकले की त्या मूर्तीकडेच बघत राहायच्या, माझ्याकडे नाही, आणि थोड्या वेळानं म्हणायच्या, "पुढे." असं आम्ही कितीतरी दुपारी केलं. शाळेच्या सहली यायच्या, पोरं आमच्याकडे बघून हसायची. बूट पळवणारा तो गार्ड आता मला ओळखायला लागला होता, तो लांबून अंगठा दाखवायचा.

एक गोष्ट काकूंनी तेव्हा सांगितली. त्या नवीन होत्या तेव्हा लॅबमधल्या मीटिंगमध्ये कधी बोलायच्याच नाहीत. हुशार होत्या, डिग्री होती, तरी. "आपल्याला लहानपणापासून सवय ना, कुणी उठवेल म्हणून काठावर बसायची. पाणी प्यायला गेलं तरी आधी बघायचं, कोण उभं आहे. सुट्टीच्या दिवशी इथं यायची मी, तेव्हा मला या लाकडाच्या बाईनं शिकवलं. ती बघ कशी बसली आहे. कुणी उठवणार आहे का तिला?" एवढंच बोलल्या आणि विषय बदलला. काकू स्वतःबद्दल जास्त बोलल्या असं मला आठवत नाही.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा निबंधाचा विषय होता, नव्या ठिकाणी जाऊन राहण्याचे फायदे आणि तोटे. मी वाचला आणि लगेच पेन उचललं. म्हटलं, हे तर मला माहीत आहे. मी लिहिलं, की आमच्याकडचा एक पुरुष फार पूर्वी चीनला गेला आणि तिथं जाऊन बाई झाला, आणि तरी त्याचं लोकांचं ऐकण्याचं काम चालूच राहिलं, हा फायदा. आणि एका बुद्धाचं डोकं अमेरिकेत आलं आणि धड घरी राहिलं, हा तोटा. तपासणाऱ्याला मी वेडी वाटले असेन. व्याकरणाच्या चुका तर किती असतील देव जाणे. काकू तिथं असत्या तर म्हणाल्या असत्या, देव नाही जाणत, पुढे.

पास झाले.

धावत जाऊन काकूंना सांगितलं. वाटलं, आता तरी मिठी मारतील. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत घातला. "आता काळे बूट घे, मऊ तळव्याचे," त्या म्हणाल्या. "दिवसभर उभं राहायचं आहे."

आणि खरंच, गंमत बघा. शिष्या बसाकाकूंची आणि नोकरी उभं राहायची! अटेंडंटनं बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आमचे वरिष्ठ ओल्सन म्हणून होते, उंच, कमी बोलणारे, नियमाचे पक्के. एका मुलाला त्यांनी बाकावर टेकला म्हणून घरी पाठवलेलं मी बघितलं होतं. मी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून उभी राहायचे, आणि विम्याचं पहिलं कार्ड घरी आलं त्या दिवशी प्रकाशनं हर्नडनला स्वतः फोन केला, "दादा, आम्ही इथंच राहतोय." पुढे त्यालाही काम मिळालं. पण तो फोन त्यानं माझ्या नोकरीवर केला होता, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.

काकूंचे गुडघे हळूहळू जात होते. लोकांना बसवून त्या स्वतःही बसायच्या, आणि मग उठताना माझ्याकडे बघायच्या. मी लांबून काहीतरी बघायला आल्यासारखी त्यांच्या बाजूला यायचे, हात द्यायचे, परत जागेवर. मग काठी आली. मग त्यांची मुलगी आली, सांता क्लाराहून. ती इथंच जन्मलेली, मराठी सगळं समजायचं, उत्तरं इंग्रजीत. "मॉम, यू कान्ट लिव्ह अलोन विथ दोज नीज." काकू म्हणायच्या, "नीज माझे आहेत." मुलगी म्हणायची, "एक्झॅक्टली!" दोघींचं प्रेमही भांडणातूनच चालायचं. शेवटी ऑपरेशन आणि नंतर मुलीकडेच राहायचं, असं ठरलं.

शेवटच्या टूरला काकूंनी नवा बिल्ला लावला होता. बऱ्यापैकी माणसं होती, बरीच वयस्कर. काकू काठीवर उभ्या राहून म्हणाल्या, "प्लीज, सिट डाउन."

कुणी बसलं नाही.

गाइड स्वतःच उभी, तीही काठी टेकून, मग आपण कसं बसायचं, असं त्यांना वाटलं असेल. सगळे नम्रपणे हसत उभे. काकूंनी परत म्हटलं. एकानं मान डोलावली आणि उभाच राहिला. काकू खाली बसायला म्हणून वाकल्या, आणि मला दिसलं, त्यांना जमणार नाही. त्यांनाही कळलं. त्या तशाच अर्ध्या वाकलेल्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा भीती बघितली, माझ्यासारखी, अगदी माझीच.

मी दाराकडे बघितलं. ओल्सन दारातच उभे होते. माझी नोकरी, आमचं घर, जाऊबाईंचा तो गालिचा, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी माझ्या जागेवरून निघाले, काकूंच्या शेजारी गेले, आणि इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये फरशीवर मांडी घालून बसले.

एक बाई बसली. मग तिचा नवरा. मग सगळेच, हात टेकत, एकमेकांना धरत, हसत. काकू सरळ झाल्या. त्यांनी काठी माझ्या खांद्याला टेकवून ठेवली आणि मोकळ्या हातानं वर बोट दाखवलं. म्हणाल्या, "नाउ लुक अप." आणि नेहमीसारख्याच सगळ्या माना वर गेल्या. मीही वर बघितलं. अटेंडंट झाल्यापासून मी तिला उभ्यानंच बघत आले होते. ती तिथंच होती. बघत होती.

टूर संपल्यावर ओल्सन माझ्याकडे आले. ते माझ्या बुटांकडे बघत म्हणाले, "लेस बांधायला बसली होतीस ना?"

"येस, सर," मी म्हटलं.

"मला वाटलंच," ते म्हणाले आणि निघून गेले. माझ्या काळ्या बुटांना लेस नव्हतीच.

मुलीनं गाडी दाराशी आणली होती. काकू निघताना नेहमीप्रमाणे त्या दगडी डोक्यापाशी थांबल्या. मला म्हणाल्या, "याच्याकडे लक्ष दे." मी म्हटलं, देईन. मला खूप काही बोलायचं होतं. मराठीतसुद्धा एक वाक्य सापडेना. काकूंनी वाट बघितली, माझ्याकडे न बघता. मग म्हणाल्या, "पुढे," आणि काठी टेकत बाहेर गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. आता त्या सांता क्लाराच्या उन्हात फिरतात, फोनवर मुलीच्या तक्रारी करतात, खाली मात्र बसता येत नाही म्हणतात. मी अजून त्याच दालनात असते. लोक ग्वानयिनपुढे गोंधळून उभे राहिले, की त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगते, बसून बघा. खाली बसलं म्हणून कुणी उठवून बाहेर काढत नाही, हे मला आता माहीत आहे.

काकू, हे सगळं लिहिलं ते एवढंच सांगण्यासाठी. तुम्हाला त्या लेण्यापर्यंत मी नेणार आहे. कसं, केव्हा, ते अजून मलाही माहीत नाही, पण नेणार आहे. डोंगर चढताना माझा हात धरा. तुम्हाला खाली बसता येणार नाही, तर मी बसेन आणि तुम्ही काठी माझ्या खांद्याला टेकवा. मग त्या धडाला आपण दोघी मिळून सांगू, की तुझं डोकं सुखरूप आहे, त्याच्याकडे रोज कुणीतरी बघतं, काळजी करू नको.